सिस्टरची पखाल

सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?"

पहाटेचे साडेपाच वाजले होते. बस चहाच्या टपरीपाशी उभी होती. आजूबाजूला पंचवीस माणसं होती आणि त्यांत निम्म्या बायका. साठी ओलांडलेली, बुटकी, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतली ही बाई माझ्यासमोर येऊन उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मी कसंबसं "नॉर्मल" म्हणालो.

"नॉर्मल हा रंग नाही," त्या म्हणाल्या. "फिका असेल तर चढा. पिवळा असेल तर आधी अर्धा लिटर पाणी प्या. चहासारखा असेल तर बसमध्ये बसून राहा, वर येऊ नका."

मग त्यांनी माझ्या पाठीवरच्या सॅकमधून लोंबणारी पाण्याची नळी पकडली, चावून पाणी ओढायची तिची रबरी तोटी नाकाशी नेली आणि वास घेतला. टपरीच्या दिव्यासमोर नळी आडवी धरून आतले काळे ठिपके मला दाखवले. "ही बुरशी. यातून तुम्ही पाणी पिता? मी कुत्र्यालासुद्धा देणार नाही." मी काही म्हणायच्या आत त्यांनी सॅकची चेन उघडून पाण्याची पिशवी नळीसकट बाहेर काढली आणि टपरीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्वतःच्या पिशवीतून दोन बाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. पुढच्या माणसालाही तोच प्रश्न.

त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता की डोंगर चढताना मी एक शब्द बोललो नाही. आज राग येतो तो दुसऱ्यांचा. मंडळातले लोक अजून सांगतात, "सिस्टर फार रागीट होत्या हो." हे सांगताना ते जे हसतात ना, ते हसणं मला सहन होत नाही. त्या हसणाऱ्यांत मीही एक होतो. म्हणूनच हे लिहितो आहे.

आमचं मंडळ बडोद्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांचं. निम्मे मराठी, निम्मे गुजराती. नोव्हेंबर ते मार्च रविवारी हालोलकडच्या किंवा त्यापलीकडच्या डोंगरांत जायचं, दुपारी खाली उतरून जेवायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. माझ्या रक्तात साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि शेजारच्या दिघ्यांनी मंडळात ओढलं. दिघेसाहेब मंडळाचे अध्यक्ष. बोलायला गोड, फोटोत मधोमध. माझं आडनाव चिटणीस, आणि वर्षभरात त्यांनी मला मंडळाचाही चिटणीस करून टाकलं. आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात लेखनिक होते, आजोबाही कारकुनीतच होते. दुसऱ्याने सांगायचं आणि आम्ही वळणदार अक्षरात लिहायचं, हे आमच्या घराण्याचं काम. मी त्याला अपवाद नव्हतो.

सिस्टर बडोद्याजवळच्या बाजव्याच्या. यजमान रेल्वेत होते, ते गेले. स्वतः तीस-पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं ते एका नर्सिंग होममध्ये, जे आता बंद पडलं आहे. मंडळाची प्रथमोपचाराची पेटी त्यांच्याकडे असे. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी घेत नसे. गुजराती लोक "सिस्टरबेन" म्हणत. याचा अर्थ "बहीणबहीण" होतो हे कोणाच्या ध्यानात येत नसे. त्यांच्या मात्र आलं होतं. "एकदा बहीण म्हणा नाहीतर सिस्टर म्हणा, दोन-दोनदा नातं नको," असं त्या म्हणायच्या, आणि तेही चिडूनच.

पाठीवरच्या त्या पाण्याच्या पिशवीला मंडळातले सगळे "ब्लॅडर" म्हणत. सिस्टरना हा शब्द मुळीच खपत नसे. "ब्लॅडर म्हणजे मूत्राशय. मी आयुष्यभर पेशंटच्या ब्लॅडरला नळ्या लावल्या. त्या शब्दातून मी पाणी पिणार नाही." त्या तिला पखाल म्हणत. पूर्वी पाणी वाहणारे भिस्ती कातडी पिशवी पाठीवर घेत, ती पखाल. त्यांची स्वतःची पखाल जुनी होती, तिचा निळा रंग जाऊन राखाडी झाला होता आणि सॅकला दोन ठिकाणी हाताने ठिगळं लावलेली होती. पण पखालीच्या आतला भाग इतका स्वच्छ असायचा की धुतलेल्या काचेची आठवण यावी.

त्यांनी मला पखाल धुवायला शिकवलं ते त्यांच्या मोरीत उभं करून. मी नवी पखाल घेतली तेव्हा दुसऱ्याच रविवारी त्या म्हणाल्या, "उतरल्यावर माझ्याबरोबर बाजव्याला यायचं." मला वाटलं चहाला बोलावताहेत. घरी गेल्यावर त्यांनी माझ्या हातात खाण्याचा सोडा ठेवला. कोमट पाण्यात दोन चमचे सोडा, पखाल भरायची, हलवायची, नळी वर धरून सोड्याचं पाणी तोटीतून निघेपर्यंत दाबायची आणि मग तशीच अर्धा तास ठेवायची. तोटी काढून वाटीत वेगळी भिजवायची. नळीसाठी त्यांच्याकडे नायलॉनचा लांब दोरा होता. त्याच्या टोकाला सुती चिंधीची गाठ. दोरा एका तोंडाने घालायचा, दुसऱ्या तोंडाने ओढायचा. माझ्या नव्याकोऱ्या नळीतून पहिल्याच फेरीत चिंधी पिवळट झाली.

"काय घातलं होतंत?"

"लिंबू सरबत," मी म्हणालो. "थोडंसं."

त्यांनी ती चिंधी माझ्या डोळ्यांसमोर धरली. मग म्हणाल्या, "पखालीत पाणी. फक्त पाणी. सरबत वेगळ्या बाटलीत. साखर घातलीत की तुम्ही तुमच्यासाठी नाही, बुरशीसाठी पाणी वाहून नेताय."

वाळवताना पखालीच्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या आत लाकडी रवी उभी करत. ताक घुसळायची साधी रवी. पखाल उलटी टांगायची, सावलीत, वारा लागेल अशी. उन्हात नाही, उन्हाने रबर तडकतं. ओली पखाल गुंडाळून कपाटात ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत मला इथे लिहिता येणार नाही.

चालतानाही त्यांचे नियम असत आणि प्रत्येक नियम त्या ओरडूनच सांगत. दर दहा मिनिटांनी दोन घोट, तहान लागली असो वा नसो. "तहान उशिरा येते. ती आली म्हणजे तुम्ही मागे पडलात." घोट घेतल्यावर नळीत फुंकर मारून उरलेलं पाणी मागे ढकलायचं, म्हणजे उन्हात नळीतलं पाणी तापत नाही. दर तासाला थांबायचं, सॅक उतरवायची आणि एकमेकांची पखाल हाताने उचलून बघायची. यावर लोक फार वैतागत. सॅक उतरवा, पुन्हा चढवा, पट्टे लावा. पण सिस्टरचं म्हणणं सरळ होतं. "बाटली डोळ्यांना दिसते. पखाल पाठीवर असते, ती संपेपर्यंत सांगत नाही. ती सांगत नाही, तर तुम्ही विचारा."

एकदा एका गुजराती गृहस्थांनी त्यांना विचारलंही, "बेन, आटलो बधो गुस्सो शेनो?" एवढा राग कसला? मलाही वाटलं, आता काही जुनं दुःख सांगतील. कोणीतरी गेलं असेल, काहीतरी घडलं असेल. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून तीन घोट प्यायलात, मी मोजलेत. याचा राग." एवढंच. लोकांना रागामागे काहीतरी कथा हवी असते. सिस्टरच्या रागामागे कथा नव्हती. समोरचा माणूस निष्काळजी आहे हे त्यांना दिसायचं, आणि त्या गप्प बसायच्या नाहीत.

चार वर्षं असंच चाललं. त्या चार वर्षांत आमच्या मंडळात कोणी आजारी पडलं नाही. कोणाला भोवळ आली नाही. त्यामुळे हळूहळू सगळ्यांना वाटायला लागलं की डोंगरात कोणाला काही होतच नसतं, सिस्टर उगाच कटकट करतात.

गेल्या वर्षी होळी झाल्यावर मोसमातला शेवटचा डोंगर ठरला. पहाटे साडेपाचला बस निघणार, साडेसातला चढायला लागणार, साडेदहाच्या आत खाली, असं मीच पत्रकात लिहिलं होतं. पण त्या दिवशी दिघ्यांनी एक पाहुणा बोलावला होता. खेळाच्या सामानाचा एक दुकानदार. त्याने मंडळाला नव्या पखाली भेट दिल्या होत्या. पायथ्याशी छोटा समारंभ, त्याच्या हस्ते वाटप, मागे त्याच्या दुकानाचं नाव छापलेला कापडी फलक. पाहुणा यायचा होता सात वाजता. आला साडेनऊला. मग हार, मग भाषण, मग फोटो. दहा वाजून गेले.

नव्या पखाली प्लास्टिकच्या वेष्टनातून तिथेच काढल्या, तिथेच कॅनमधल्या पाण्याने भरल्या. प्रत्येकीत जेमतेम लिटरभर पाणी मावत होतं. दिघे म्हणाले, "सगळ्यांनी नव्याच घाला. जुन्या बसमध्ये ठेवा. फोटोत एकसारखं दिसलं पाहिजे. वर पोचल्यावर पण एक घेऊ."

सिस्टर पुढे आल्या. "दिघेसाहेब, या धुतलेल्या नाहीत. पाणी अर्धंच मावतंय. आणि दहा वाजून गेलेत. आजचा चढ रद्द करा."

"सिस्टर, पाहुण्यांसमोर नको."

"पाहुणे चढणार आहेत का?"

पाहुणे चढणार नव्हते. ते त्यांच्या गाडीचा एसी सुरू करून बसले होते.

"जरा पॉझिटिव्ह राहा सिस्टर," दिघे हसून म्हणाले, आणि दोन-चार लोकही हसले.

माझी स्वतःची दोन लिटरची पखाल, सोड्याने धुतलेली, भरलेली, माझ्या पाठीवर होती. दिघ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चिटणीस, तुम्ही तरी." या दोन शब्दांवर मी माझी पखाल बसच्या सीटखाली ठेवली आणि नवी घातली. कोणी बंदूक लावली नव्हती. नुसतं "तुम्ही तरी".

सिस्टरनी आपली राखाडी पखाल काढली नाही. त्या मला म्हणाल्या, "मी इथेच बसले असते. तुम्ही मूर्ख लोक जाताय म्हणून येतेय."

मार्चअखेर त्या डोंगरांत सागाला पान नसतं. पळस तेवढा फुललेला असतो, आणि सगळे त्याचे फोटो काढत होते. फुलांची सावली पडत नाही. तासाभराने खडक इतका तापला की हात टेकवेना. नव्या पखालींची झाकणं नीट बसत नव्हती. कित्येकांच्या पाठी भिजल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं तो घाम आहे. सिस्टर ओरडत होत्या, थांबा, पखाली उचलून बघा. दिघे पुढून ओरडत होते, चला, आधीच उशीर झालाय.

माझ्यापुढे हेतल चालत होती. सव्वीस वर्षांची मुलगी, बडोद्यातच मांडवीकडे राहणारी, शाळेत चित्रकला शिकवणारी. नळीचा एक घोट घेऊन तिने तो थुंकला. "काका, आ पाणीमां तो प्लास्टिकनी वास आवे छे," असं म्हणत हसली आणि नळी सॅकच्या पट्ट्यात खोचून टाकली. प्लास्टिकचा वास येतो म्हणून तिने पाणी प्यायचं सोडलं, हे मी पाहिलं. सिस्टरकडून चार वर्षं शिकलेला मी, मला त्याचा अर्थ कळत होता. मी मागे वळून सिस्टरना हाक मारली नाही. मीही हसलो. माझ्याही पाण्याला तोच वास होता.

साडेबाराच्या सुमाराला, उघड्या कातळावर, हेतल काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. शाळेतल्या मुलांची नावं घेत होती. मग बसली आणि आडवी झाली.

सिस्टर मागून कशा धावत आल्या मला माहीत नाही. त्यांनी तिच्या मानेला हात लावला. "अंग भट्टी झालंय. घाम नाही." तिची सॅक ओढून काढली, हाताने वजन पाहिलं आणि किंचाळल्या, "भरलेली आहे! हिने प्यायलंच नाही! कोण होतं हिच्याबरोबर?"

मी होतो. मी काही बोललो नाही.

"चिटणीस, डोकं धरा. कडेला वळवा. तोंडात पाणी घालू नका, गिळता येत नाहीये तिला, फुप्फुसात जाईल." हेतलच्या पखालीतलं सगळं पाणी त्यांनी तिच्या मानेवर, काखांत, पोटावर ओतलं. मग आपली पखाल उघडली.

दिघे पुढून परत आले होते. "सिस्टर, अंगावर ओतू नका पाणी. सगळ्यांना उतरायचंय अजून."

"सगळे चालतायत," सिस्टर म्हणाल्या. "ही चालत नाहीये." आणि उरलेलंही ओतलं.

सावली नव्हती. शिखरावरच्या फोटोसाठी दिघ्यांनी तो दुकानदाराचा कापडी फलक दोघांकडून वर वाहून आणवला होता. सिस्टरनी तो हिसकला, चौघांना चार कोपरे धरायला लावले आणि तिच्यावर सावली केली. दिघे म्हणाले, "फाटेल हो, परत द्यायचाय तो." त्या दिवसातलं सगळं मी विसरेन, पण हे वाक्य विसरणार नाही. मुलगी समोर पडली होती आणि त्या माणसाला कापडाची काळजी होती.

खालच्या वस्तीतली तीन-चार माणसं आवाज ऐकून वर आली. त्यांनी बाज आणली, कळशीभर पाणी आणलं. सिस्टर उतरताना पूर्ण वाट बाजेच्या बाजूने चालत होत्या, ओलं फडकं तिच्या मानेवरून फिरवत, वारा घालत, आणि सगळ्यांना शिव्या देत. हेतलला दवाखान्यात पोचवलं. तिथला डॉक्टर म्हणाला, वरच हिला गार केलं नसतं तर काही खरं नव्हतं. तो हे माझ्यासमोर म्हणाला. दिघ्यांसमोरही म्हणाला.

हेतल वाचली. पण मूत्रपिंडांना धक्का बसला होता, दवाखान्यातून यायला बरेच दिवस लागले.

बुधवारी दिघे माझ्या घरी आले. गुरुवारी घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. त्यांच्या खिशात एक कागद होता. "चिटणीस, घडल्या प्रकाराची नोंद इतिवृत्तात पाहिजे. तुमचं अक्षर सुंदर. उतरवून घ्या फक्त." मी वाचलं. "सदर सदस्या उपाशीपोटी आल्या होत्या. प्रथमोपचार प्रमुखांनी पिण्याच्या पाण्याचा अपव्यय केला व सदस्यांमध्ये घबराट पसरवली."

"हे खरं नाही," मी म्हणालो. तेवढं मी म्हणालो, हे मुद्दाम सांगतो.

"अहो, ही कायद्याची भाषा असते. उद्या त्या मुलीच्या घरचे काही करतील. मंडळ वाचलं पाहिजे. सिस्टरचं काय, त्यांना कोण विचारायला येणार आहे?"

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. दिघे गेल्यावर तिने विचारलं, "लिहिणार तुम्ही?" मी म्हणालो, "नुसतं उतरवायचंय." ती परत आत वळली. मी पेन उघडलं आणि उतरवलं. एकही खाडाखोड नाही.

बैठकीत ते वाचायचं कामही माझंच. मी वाचलं. वाचून झाल्यावर सिस्टर उठल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांच्या ओरडण्याची मी तयारी करून गेलो होतो. त्या ओरडल्या नाहीत.

"चिटणीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अपव्यय म्हणजे काय?"

मी वहीकडे पाहिलं.

"तुम्ही तिथे होता. तिचं डोकं तुमच्या हातात होतं. अपव्यय म्हणजे काय, ते सगळ्यांना सांगा."

हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं. पंखे फिरत होते. कोणीतरी म्हणालं, "बेन, शांति राखो ने." मी मान वर केली नाही. सिस्टर टेबलापाशी आल्या. मग प्रथमोपचाराची पेटी टेबलावर ठेवली. "कात्री खालच्या कप्प्यात आहे. बँडेज संपलंय, ते आणा," असं म्हणून त्या निघून गेल्या. त्या बाजव्याला घरी पोचायच्या आत दिघ्यांनी त्यांना व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

तीन आठवडे मी स्वतःला समजावत राहिलो, की वादात पडून उपयोग नव्हता. मग एका रविवारी सकाळी उठून बाजव्याला गेलो. सिस्टरनी दार उघडलं. आत घेतलं, पेल्यात पाणी दिलं. मी पाणी पिईपर्यंत थांबल्या.

मी म्हणालो, "सिस्टर, मला माफ करा."

"नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "दिघ्यांनी मला..."

"दिघे काय आहेत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांचा मला राग नाही. ज्याला काही कळतच नाही, त्याच्यावर काय रागावायचं? तुम्हाला कळत होतं. मी तुम्हाला शिकवलं होतं." त्यांचा आवाज चढायला लागला. "आणि माफी माझी काय मागता? त्या मुलीची आई घरी बसून स्वतःला दोष देतेय, की मी तिला उपाशी पाठवलं. ती उपाशी नव्हती. बसमध्ये तिने थेपले खाल्ले, मला पण दिले. तिच्या आईला जाऊन सांगा. माझ्या दारात रडू नका."

मी रडत नव्हतो. पण उठलो आणि निघालो.

त्याच दिवशी मी मांडवीला हेतलच्या घरी गेलो. तिची आई रंजनबेन. त्यांना सगळं सांगितलं. ती उपाशी नव्हती, बसमध्ये तिने थेपले खाल्ले होते, दहा वाजता चढायला लागलो, न धुतलेल्या पखाली दिल्या, वासामुळे तिने पाणी सोडलं, ते मी पाहिलं आणि गप्प बसलो, सिस्टरनी आपलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं म्हणून ती वाचली, आणि मी वहीत खोटं लिहिलं. रंजनबेन ऐकत राहिल्या. त्यांना कोणीतरी येऊन सांगून गेलं होतं की मुलगी उपाशी होती आणि त्या नर्सबाईंनी पाणी वाया घालवलं, म्हणून तिला प्यायला मिळालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ते माझ्याच डब्यातले थेपले होते. मी पहाटे उठून केले होते." मग त्यांनी तोंडाला पदर लावला. हेतल आतल्या खोलीत झोपली होती. मला तिला भेटायचं धैर्य झालं नाही.

पुढच्या बैठकीत मी वहीत नवं पान लिहून नेलं, जसं घडलं तसं. वाचायला उभा राहिलो. दिघे म्हणाले, "मागची नोंद मंजूर झालेली आहे, ती बदलता येत नाही." मी तरीही वाचलं. अर्धे लोक फोनकडे बघत होते. वाचून झाल्यावर राजीनामा ठेवला. मलाही ग्रुपमधून काढलं, तेवढं मात्र बरं झालं.

मी सिस्टरना फोन करून सांगितलं. हेतलच्या घरी गेलो, बैठकीत वाचलं, सगळं. 

"बरं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही. माणसं म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचा किती काळ राग धरायचा. एवढीशी गोष्ट! हेतल आणि रंजनबेन आता त्यांच्याकडे जातात. बाजव्यातल्या आठ-दहा बायकांना घेऊन सिस्टर थंडीत सकाळी चालायला जातात, सगळ्यांच्या पाठीवर पखाली असतात, असं हेतल रस्त्यात भेटली तेव्हा तिने मला सांगितलं. माझ्याबद्दल त्या काही म्हणतात का, असं मी विचारलं. "ना काका," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

यंदाही मार्चमध्ये मंडळाचा तोच डोंगर ठरला. पत्रक कोणीतरी मला पाठवलं. नवा पाहुणा, नवी भेट, चढाईची वेळ नऊ. मी सकाळीच बस निघते त्या चहाच्या टपरीपाशी गेलो. बस सातला निघायची, ती पाहुण्याच्या गाडीसाठी थांबली होती. साडेआठ वाजले तरी थांबलेलीच. मी चालत बसच्या दारात गेलो आणि आत डोकं घालून बोलायला सुरुवात केली. गेल्या वर्षी याच डोंगरात काय झालं ते सांगितलं. नवी माणसं बरीच होती, त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. बोलता बोलता माझा आवाज वाढत गेला. मी आयुष्यात कधी असा ओरडलो नव्हतो. घरात नाही, ऑफिसात नाही. थुंकी उडत होती, आणि मला थांबायचं नव्हतं.

दिघे उतरून आले. "चिटणीस, शोभत नाही हो. सिस्टरची हवा लागली वाटतं."

"लागली," मी म्हणालो. "तुम्हाला लागायला हवी होती."

बसमध्ये कुजबुज झाली. दोन बायका उतरल्या, मायलेकी असाव्यात. बाकी कोणी उतरलं नाही. पाहुण्याची गाडी आली, दिघ्यांनी हसून त्यांचं स्वागत केलं आणि बस निघून गेली.

त्या दोघी सॅक पाठीवर घेऊन माझ्याकडे बघत उभ्या होत्या. "काका, आता आम्ही काय करायचं?" मुलीने विचारलं.

"घरी जा," मी त्यांच्यावरही ओरडलो. "ऊन चढलंय."

त्या गेल्या. मी टपरीच्या बाकावर बसलो आणि बाजव्याला फोन लावला. शेवटपर्यंत वाजला. पुन्हा लावला. त्यांनी उचलला नाही. त्यांचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये. माझाही आता जाणार नाही.